बेलो मॉन्टे धरण आणि शिंगू नदीचं खोरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात पेंच, गोसेखुर्द, चौराई अशा आपल्या भागातल्या धरणांचं काही बोलणं निघालं की मी हमखास ॲमेझॉनमधल्या बेलो मॉन्टे धरणाचं नाव काढतो, आणि मग तेच ते प्रश्न येतात, कधी व्हॉट्सॲपवर, कधी चहाच्या टपरीवर. एकेकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवतो. क्रम काही खास नाही, जे जास्त विचारतात ते आधी.

हे धरण नेमकं आहे कुठं?

ब्राझीलच्या उत्तरेला पारा नावाचं राज्य आहे, तिथं शिंगू नदीवर. शिंगू ही ॲमेझॉनला दक्षिणेकडून येऊन मिळणारी उपनदी, लांबी जवळपास २,००० किलोमीटर. उगम खाली माटो ग्रोसो राज्यात, जिथं गवताळ झुडपी पठार आहे, आणि मग ती उत्तरेला वाहत वाहत दाट सदाहरित जंगलात शिरते. पाणलोट क्षेत्र सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपला अख्खा महाराष्ट्र ३ लाख ८ हजारांत संपतो, त्याच्या दीडपटीहून जास्त. धरणाजवळचं शहर अल्टामिरा. त्या एका नगरपालिकेची हद्दच दीड लाख चौरस किलोमीटरच्या वर जाते, आपल्या विदर्भापेक्षा मोठी. हे आकडे आधी सांगतो कारण पुढचं सगळं या खोऱ्यावरच अवलंबून आहे, आणि लोक भिंतीचा फोटो बघून खोरं विसरतात.

बेलो मॉन्टेची क्षमता ११,२३३ मेगावॉट, म्हणजे आपल्या हिशोबात किती?

आपलं कोयना १,९६० मेगावॉटचं, तशी जवळपास पावणेसहा कोयना. पेंच नदीवरच्या तोतलाडोह धरणाचं वीजघर १६० मेगावॉटचं, तशी सत्तर. स्थापित क्षमतेत जगातल्या पहिल्या पाच-सहा जलविद्युत केंद्रांत ते येतं. पहिलं टर्बाइन २०१६ च्या एप्रिलमध्ये फिरलं आणि शेवटचं २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये. मुख्य वीजघरात ६११ मेगावॉटची १८ टर्बाइनं आहेत, आणि पिमेंताल नावाच्या जागी नदीवरच्या बंधाऱ्यात छोटं वीजघर आहे, २३३ मेगावॉटचं.

मग वर्षभर तेवढी वीज मिळते का?

नाही, आणि या धरणाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. सरासरी खात्रीची वीज धरली आहे ती ४,५७१ मेगावॉट, म्हणजे पाटीवर लिहिलेल्या आकड्याच्या साधारण ४१ टक्के.

कारण साधं आहे, नदी. शिंगूचा सरासरी प्रवाह ८,००० क्युमेकच्या आसपास आहे (गोसेखुर्दच्या विसर्गाच्या बातमीत क्युमेक येतं तेच हे, सेकंदाला एक घनमीटर). पण सरासरीला काही अर्थ नाही कारण एप्रिलमध्ये ती २०,००० क्युमेकपर्यंत फुगते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये १,००० वर येते. आता बघा, एका टर्बाइनला पूर्ण ताकदीनं फिरायला ७७५ क्युमेक पाणी लागतं, अठराही फिरवायची तर जवळपास १४,००० क्युमेक. ऑक्टोबरमध्ये नदीतच १,००० क्युमेक, त्यातले ७०० खालच्या गावांसाठी नदीच्या मूळ पात्रात सोडायचे असा नियम (नदी वळवली आहे, ते पुढं सांगतो), उरले ३००. तीनशेत एक टर्बाइनसुद्धा धड फिरत नाही. अकरा हजार मेगावॉटचं वीजघर वर्षातले काही महिने जवळजवळ रिकामं उभं राहतं, हा बिघाड नाही, हे बांधायच्या आधीपासून कागदावर माहीत होतं.

बाजू घ्यायची तर एक मुद्दा खरा आहे. ब्राझीलचं वीजेचं जाळं देशभर जोडलेलं आहे, त्यामुळे डिसेंबर ते मे शिंगूला पाणी असतं तेव्हा तिची वीज वापरायची आणि दक्षिणेकडच्या धरणांतलं पाणी वाचवायचं, असं गणित बसवता येतं. ते गणित मी खोटं म्हणत नाही. पण ११,२३३ हा आकडा छापणाऱ्यानं शेजारी ४,५७१ पण छापावा एवढंच.

पाणी साठवून ठेवायचं ना मग, धरण कशाला म्हणायचं त्याला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि त्याचं उत्तर थोडं लांब आहे.

बेलो मॉन्टे हे वाहत्या पाण्यावरचं धरण आहे, आलं पाणी तसं सोडलं, साठा फार नाही. जलाशय ४७८ चौरस किलोमीटरचा. आधीचा प्लॅन असा नव्हता. १९७० च्या दशकापासून शिंगूवर एकापाठोपाठ एक धरणांची साखळी बांधायचं ठरत होतं. त्यात बेलो मॉन्टेच्या वरच्या बाजूला बाबाक्वारा नावाचं धरण होतं, त्याचा एकट्याचा जलाशय ६,००० चौरस किलोमीटरच्या वर जाणार होता. ती साखळी झाली असती तर कोरड्या महिन्यांत सोडायला पाणी असतं हे खरं, पण त्यासाठी केवढं जंगल आणि किती आदिवासींची जमीन गेली असती ते बघा.

पाणी साठवायचं ठरवलं की पावसाच्या जंगलात काय होतं ते बघायला बालबिना आहे. मनौस शहराजवळ, उआतुमां नदीवर, १९८० च्या दशकाच्या शेवटी बांधलं. जमीन सपाट, त्यामुळे पाणी खोल जायच्या ऐवजी पसरत गेलं, जवळपास २,४०० चौरस किलोमीटर जंगल बुडालं, आणि वीजक्षमता किती तर २५० मेगावॉट. टेकड्यांचे माथे वर राहिले त्यांची हजारो बेटं झाली, आणि त्या बेटांवर अडकलेले प्राणी हळूहळू संपत गेले. जंगलातलं सगळ्यात वाईट धरण कोणतं असं विचारलं तर खुद्द ब्राझीलमधले लोक बालबिनाचं नाव घेतात. त्यामुळे २००८ मध्ये सरकारनं ठरवलं की शिंगूवर एकच धरण, साठा कमी. म्हणजे जंगल कमी बुडालं आणि वीज पण कमी झाली, दोन्ही एकाच निर्णयातून आलं.

१९८९ मध्ये काय झालं होतं? तो सुरा वाला फोटो यातलाच का?

हो, यातलाच. १९८९ च्या फेब्रुवारीत अल्टामिरामध्ये आदिवासींनी मोठी सभा बोलावली होती. तेव्हा या धरणाचं नाव कारारओ होतं. वीज कंपनीचा इंजिनिअर माइकवर धरण कसं गरजेचं आहे ते सांगत होता, तेवढ्यात कायापो समाजातली तुइरा नावाची तरुण मुलगी उठली, पुढं गेली आणि हातातल्या सुऱ्याचं सपाट पातं त्याच्या गालावर टेकवलं. जखम केली नाही. तो फोटो जगभर गेला. राओनी हे कायापो नेते आणि गायक स्टिंग पण त्या लढ्यात होते. वर्ल्ड बँकेचं कर्ज अडलं, प्लॅन वीसेक वर्षं मागं पडला. पुढं नाव बदलून, आकार बदलून तो परत आला आणि २०१० मध्ये लिलाव झाला, पैसा सरकारी बँकेतून आला, बीएनडीईएसनं २०१२ मध्ये २२.५ अब्ज रिआलचं कर्ज मंजूर केलं. तुइरा २०२४ मध्ये गेली. धरण झालंच शेवटी असं कोणी म्हटलं की मी सांगतो, झालं, पण बाबाक्वारा नाही झालं, आणि ते न होण्यात त्या मुलीचा वाटा आहे.

नदी वळवली वळवली म्हणतात, म्हणजे नेमकं काय केलं?

अल्टामिराच्या खाली शिंगू एक मोठं वळण घेते, व्होल्टा ग्रांडे म्हणतात त्याला. शंभर किलोमीटरच्या वर लांबीचं हे वळण, आणि एवढ्या अंतरात नदी खडकांवरून, धबधब्यांवरून जवळपास ९० मीटर खाली उतरते. इंजिनिअर लोकांनी काय केलं, वळणाच्या वरच्या तोंडाशी पिमेंतालला नदी अडवली, तिथून २० किलोमीटर लांब कालवा खणला आणि पाणी वळण टाळून थेट वळणाच्या खालच्या तोंडाशी वीजघरात नेलं. उतार तोच मिळाला, अंतर वाचलं. इंजिनिअरिंग म्हणून बघितलं तर काम जबरदस्त आहे, त्यात वाद नाही.

पण मधल्या शंभर किलोमीटरच्या नदीचं काय? तिला मिळतं ते उरलेलं पाणी. काही महिन्यांत तर ८० टक्क्यांपर्यंत प्रवाह कालव्यात जातो. म्हणजे जंगल बुडालं नाही, ते वाळलं. आपल्या डोक्यात धरण म्हटलं की बुडीत क्षेत्र येतं, गोसेखुर्दमुळे तेच बघितलंय आपण, पण इथलं मोठं नुकसान बुडण्याचं नाही तर पाणी न येण्याचं आहे, आणि त्याची नुकसानभरपाई कोणत्या कॉलममध्ये लिहायची ते कोणाला सुचलं नाही.

तिथं राहतं कोण?

जुरूना (ते स्वतःला युद्जा पण म्हणतात) आणि अरारा हे आदिवासी, आणि नदीकाठी पिढ्यान्‌पिढ्या राहणारे मासेमार, ज्यांना तिथं रिबेरिन्यो म्हणतात. आपल्या ढीवर-भोई समाजाचं नदीशी जसं नातं तसंच त्यांचं. मासे हे जेवण पण आणि कमाई पण, आणि जायचं यायचं ते नावेनं, रस्ता म्हणजे नदीच.

पाणी कमी झालं तर मासे एवढे कशानं कमी होतात? नदी तर आहेच ना?

नदी आहे, पण पूर नाही. शिंगूचे मासे पुरावर जगतात. पावसाळ्यात पाणी काठावरच्या सखल जंगलात शिरतं, झाडांच्या बुंध्यात तीन-चार महिने पाणी उभं राहतं, मासे त्या जंगलात जातात, तिथं अंडी घालतात, पिल्लं तिथंच वाढतात कारण मोठे मासे तिथं कमी आणि खायला भरपूर. अंडी घालायच्या या जागांना तिथले लोक पिरासेमा म्हणतात. पाकू नावाचा मासा तर झाडांवरून पाण्यात पडलेली फळं खाऊन जगतो. (हा पाकू आपल्याला परका नाही. आपल्या मासळी बाजारात तळ्यात वाढवलेला रूपचंद मिळतो ना, तो मूळचा ॲमेझॉनकडचा, पाकूच्याच कुटुंबातला.) आता फळं पडायच्या वेळी झाडाखाली पाणीच नसेल तर फळ कोरड्या मातीवर पडतं, मासा तिकडं नदीत उपाशी. जुरूना लोक आणि काही शास्त्रज्ञ मिळून गेली काही वर्षं स्वतः नोंदी ठेवून राहिले आहेत, कोणत्या दिवशी किती पाणी, कोणता मासा किती मोठा, पोटात अंडी होती का. त्यांना पिरासेमाच्या जागी अंडी घातल्यानंतर पाणी उतरलं आणि अंडी जमिनीवरच वाळून गेली असं दिसलं. माशानं त्याचं काम केलं होतं, पाणी दोन आठवडे टिकलं असतं तर पुरलं असतं, पण गेट कधी उघडायचं ते वीजेच्या मागणीवर ठरतं.

अजून एक मासा, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा छोटा झेब्रा प्लेको, ॲक्वेरियमवाल्यांना माहीत असेल. जगात फक्त शिंगूच्या या वळणातल्या खडकांच्या फटींत राहतो. वळण गेलं तर त्याला जायला दुसरी जागा नाही.

किती पाणी सोडायचं ते ठरवलेलं नाही का?

ठरवलंय. एका वर्षी एप्रिलमध्ये ४,००० क्युमेकपर्यंत, दुसऱ्या वर्षी ८,०००, असं आलटूनपालटून, आणि ऑक्टोबरमध्ये कमीत कमी ७००. आता एप्रिलचा नैसर्गिक पूर २०,००० चा होता हे आठवा. ८,००० वाल्या वर्षातसुद्धा पाणी जंगलात पुरेसं चढत नाही असं तिथले मासेमार सांगतात, ४,००० चं तर सोडाच.

अल्टामिराचं भलं झालं का? रोजगार वगैरे?

बांधकाम जोरात होतं तेव्हा २५,००० हून जास्त कामगार आले. भाडी वाढली, दवाखाने भरले, शाळा पुरेनाशा झाल्या. किमान २०,००० लोकांची घरं हलवली, नदीकाठच्या वस्त्यांतल्या लोकांना शहराच्या कडेला एकसारख्या सिमेंटच्या कॉलन्यांत नेलं, जिथून मासेमाराला नावेपर्यंत जायलाच बसचे पैसे लागतात. काम संपलं, कामगार गेले, बेरोजगारी आणि गुन्हेगारी राहिली. २०१५ च्या आकड्यांत एक लाखावर वस्तीच्या ब्राझिलियन शहरांमध्ये खुनांच्या प्रमाणात अल्टामिरा सगळ्यात वर होतं. रस्ते, पाइपलाइन, हॉस्पिटल असं काहीबाही मिळालं पण, ते नाकारत नाही, पण बरंचसं धरणाच्या मागून रखडत आलं, खरं तर धरणाच्या आधी यायला पाहिजे होतं.

वीज तिथल्या लोकांना मिळते का?

बहुतेक वीज दक्षिणेला जाते, साओ पाउलो, रिओकडच्या भागात. त्यासाठी ±८०० किलोव्होल्टच्या दोन डीसी लाइनी टाकल्या, एक २,००० किलोमीटरहून लांब, दुसरी २,५०० च्या आसपास. तंत्र आपल्याला नवीन नाही, चंद्रपूर ते पडघे ±५०० किलोव्होल्टची लाइन आहे की, ७५२ किलोमीटर, १,५०० मेगावॉट. चंद्रपूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. कोळसा इथला, राख इथली, ४७ डिग्रीचा उन्हाळा इथला आणि वीज मुंबईकडं. पारा राज्यात पण तेच, आणि वरून तिथले घरगुती वीजदर ब्राझीलमधल्या सगळ्यात महागड्या दरांत येतात.

जंगल तोडलं तर नदीला पाणी वाढतं असं ऐकलंय. मग धरणाला चांगलंच ना?

हा प्रश्न खूप चांगला आहे आणि अर्धा बरोबर आहे, म्हणून नीट लिहितो.

झाड जमिनीतून पाणी ओढतं आणि पानांतून हवेत सोडतं. झाडं कापली की हे ओढणं बंद होतं, तेवढं पाणी जमिनीवरून वाहून नदीत येतं. त्यामुळे छोट्या खोऱ्यात जंगल कापलं की ओढ्याला पाणी वाढलेलं दिसतं, पुराचं तर नक्कीच. धरणांचे जुने हिशोब इथंच थांबायचे.

पण झाडानं हवेत सोडलेलं पाणी कुठं जातं? ॲमेझॉनमध्ये पाऊस अटलांटिक समुद्रावरून येतो, पूर्वेकडून वारा ओल घेऊन येतो, पाऊस पडतो, जंगल ती ओल परत हवेत सोडतं, वारा ती पुढं नेतो, पुढं परत पाऊस. एकच पाणी पश्चिमेला जाता जाता अनेकदा पडतं. एनिआस सालाती नावाच्या ब्राझिलियन शास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात पावसाच्या पाण्यातले ऑक्सिजनचे समस्थानिक (म्हणजे एकाच मूलद्रव्याचे कमीजास्त वजनाचे अणू) मोजून दाखवलं की ॲमेझॉनमधला साधारण निम्मा पाऊस असा जंगलानं परत फिरवलेला आहे. म्हणजे एका खोऱ्यातलं जंगल कापलं तर तिथल्या नदीला थोडं पाणी वाढेल, पण सगळीकडचं कापत गेलं तर पाऊसच कमी होतो, आणि मग वाढलेलं पाणी राहतं बाजूला.

२०१३ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका गटानं खास शिंगू आणि बेलो मॉन्टेसाठी हे दोन्ही हिशोब एकत्र केले. फक्त खोऱ्यातली तोड धरली तर प्रवाह ४ ते १२ टक्के वाढतो. पण पूर्ण ॲमेझॉनमधली तोड आणि त्यामुळे घटणारा पाऊस धरला तर प्रवाह ६ ते ३६ टक्के घटतो. आणि २०५० पर्यंत ॲमेझॉनचं ४० टक्के जंगल गेलं तर बेलो मॉन्टेची वीज कमाल क्षमतेच्या २५ टक्क्यांवर येईल.

मी लोकांना सारखं हे सांगतो कारण आपल्याकडं जंगल विरुद्ध वीज अशी भांडणं लावायची सवय आहे. इथं तर जंगल हेच धरणाचं खरं टाकं आहे. भिंतीमागं साठा नाही ना, मग साठा कुठं आहे, तर वर उभ्या असलेल्या झाडांत आणि त्यांच्यामुळे पडणाऱ्या पावसात. वीजघराच्या देखभालीला बजेट असतं, तसं या जंगलाच्या देखभालीला वीजकंपनीच्या हिशोबात पैसे पाहिजेत, उपकार म्हणून नाही, कच्चा माल म्हणून.

मग वरच्या पाणलोटात सध्या काय परिस्थिती आहे?

दोन चित्रं आहेत. सॅटेलाइट फोटोत माटो ग्रोसोकडचा भाग बघा, चौकोनी चौकोनी शेतं, सोयाबीन, मका, गुरांची कुरणं, आणि मधोमध एक हिरवा तुकडा. तो हिरवा तुकडा म्हणजे शिंगू आदिवासी पार्क, १९६१ मध्ये झालं, विलास-बोआस भावांनी त्यासाठी खूप धडपड केली. खोऱ्याचा निम्म्याहून जास्त भाग आदिवासी जमिनी आणि राखीव जंगलं मिळून अजून तगून आहे आणि त्याचं श्रेय आधी तिथं राहणाऱ्यांना. पण गडबड अशी की शिंगूला मिळणाऱ्या बऱ्याच नद्यांचे उगम पार्कच्या बाहेर, शेतजमिनीत आहेत. काठावरची झाडं गेली, माती वाहून आली, पाणी गढूळ झालं, ते पार्कमधल्या गावांना प्यावं लागलं. सोयाबीन म्हटलं की आपल्या विदर्भातल्या शेतकऱ्याचे कान टवकारतात, आपला भाव पडायला ब्राझीलचं पीक पण एक कारण असतंच.

दुसरं चित्र मला फार आवडतं. २००४ पासून तिथं उगमाकडची जंगलं परत लावायची मोहीम सुरू झाली आणि २००७ मध्ये शिंगू बियाणं नेटवर्क उभं राहिलं. आदिवासी बाया, छोटे शेतकरी, गावातली माणसं जंगलातून बिया गोळा करतात, साफ करतात, विकतात. मग तिकडं रोपं लावत बसत नाहीत, पन्नासेक जातींच्या झाडांच्या बिया, लवकर वाढणाऱ्या हिरवळीच्या पिकांच्या बिया आणि वाळू असं सगळं मिसळून थेट जमिनीत पेरतात, मोठं रान असेल तर ट्रॅक्टरनं. या मिश्रणाला मुवुका म्हणतात. आधी तूर-तागासारखी पिकं वर येऊन सावली करतात, त्या सावलीत झाडं वाढतात. रोपवाटिकेपेक्षा खर्च कमी आणि पैसे बिया वेचणाऱ्या बाईच्या हातात. आपल्या पेंच-बावनथडीच्या वरच्या अंगाला वनविभागानं आणि ग्रामसभांनी हे बघायला हवं असं मला मनापासून वाटतं, मोह-चार-हिरड्याच्या बिया वेचणारे हात तर आपल्याकडं आहेतच.

जलविद्युत क्लीन असते ना? कोळशापेक्षा तर बरी?

कोळशापेक्षा बरी, बेलो मॉन्टेच्या बाबतीत तरी. पण शून्य नाही. उष्ण प्रदेशात पाण्याखाली झाडंझुडपं आणि माती कुजते, तळाशी ऑक्सिजन नसतो, त्यातून मिथेन निघतो, आणि मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त तापवतो. बेलो मॉन्टेचा जलाशय लहान, पाणी वाहतं, तरी २०२१ मध्ये छापून आलेल्या मोजणीत जलाशय भरल्यावर तिथलं उत्सर्जन तीनपटीपर्यंत वाढलेलं दिसलं. बालबिनासारख्या उथळ पसरट जलाशयाचा हिशोब तर कोळशाच्याही वर जातो. त्यामुळे जलविद्युत म्हणजे ग्रीन असं सरसकट म्हणू नका, कोणतं धरण, किती चौरस किलोमीटरला किती मेगावॉट, ते विचारा.

कोर्टात कोणी गेलं नाही का?

गेले, वीसच्या वर केसेस झाल्या, सरकारी वकिलांच्या स्वतंत्र खात्यानं केल्या. ब्राझीलच्या १९८८ च्या राज्यघटनेत आदिवासींच्या जमिनीतल्या पाण्याचा वीजेसाठी वापर करायचा तर आधी त्यांचं म्हणणं ऐकायला हवं असं आहे. ते नीट ऐकलं गेलं नाही हे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टातूनही आलं. तोवर पहिलं टर्बाइन फिरून सहा वर्षं झाली होती.

आपल्याकडं असं काही झालंय का, का उगाच परदेशातलं सांगून राहिले?

झालंय ना भाऊ. १९८० च्या दशकात इंद्रावती-गोदावरीवर भोपालपट्टनम आणि इंचमपल्ली ही दोन धरणं येणार होती, गडचिरोली आणि बस्तरचं जंगल बुडणार होतं. आदिवासींनी विरोध केला, बाबा आमटे त्यांच्यासोबत उभे राहिले, धरणं थांबली. केरळात सायलेंट व्हॅलीचं पावसाचं जंगल पण असंच धरणातून वाचलं आणि १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं.

आणि वरच्यानं पाणी अडवलं की खालच्याचं काय होतं ते नागपूरकराला सांगायला नको. पेंचच्या वरच्या अंगाला छिंदवाड्यात चौराई धरण झालं, तोतलाडोहला येणारं पाणी घटलं, त्यात पाऊस लांबला आणि २०१९ च्या जुलैत नागपुरात एक दिवसाआड नळ आले. तेव्हा आपण सगळे चिडलो होतो, बरोबरच चिडलो होतो. जुरूना लोकांच्या गावात दरवर्षी तसंच आहे, फक्त त्यांच्याकडं टँकर बोलवायला महापालिका नाही.

फरक पण सांगतो, तोतलाडोहचं जंगल सागाचं, पानगळीचं, ते पावसाचं जंगल नाही, आणि आपला पाऊस मान्सूनचा. त्यामुळे शिंगूचे टक्के जसेच्या तसे पेंचला लावू नका.

तुम्ही धरणांच्या विरोधात आहात का?

सरसकट नाही. नागपूर पेंचचं पाणी पितं, मी पण पितो. पण बेलो मॉन्टे बघून माझं मत असं झालंय की उष्ण जंगलातल्या नदीवर धरण बांधायच्या आधी चार गोष्टी लोकांसमोर मांडल्याच पाहिजेत, सगळ्यात कोरड्या महिन्यात किती वीज मिळणार, खालच्या गावाला कोणत्या महिन्यात किती पाणी सोडणार, वरचं जंगल अजून पन्नास वर्षं टिकवायची जबाबदारी कोणाची, आणि हे सगळं करूनही तीच वीज सोलर-पवनातून किंवा जुन्या लाइनींची गळती थांबवून मिळत नाही का. बेलो मॉन्टेच्या वेळी पहिल्याचं उत्तर माहीत असून दाबलं, दुसऱ्याचं कमी दिलं, तिसरा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

आता पुढं काय? धरण पाडणार का?

पाडायचं कोणी बोलत नाही. भांडण पाण्याच्या वाटपाचं आहे. धरणाचं चालवण्याचं लायसन्स २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये मिळालं, त्याची मुदत २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये संपली, आणि नूतनीकरणाचा अर्ज ब्राझीलच्या पर्यावरण खात्याकडं, इबामाकडं, आहे म्हणून धरण चालू राहिलं. मधे इबामानं तात्पुरतं जास्त पाणी सोडायला लावलं होतं, पण २०२१ च्या फेब्रुवारीत कंपनीसोबत करार झाला आणि पाणी परत कमी झालं, बदल्यात नुकसान कमी करायच्या कामांसाठी पैसे ठरले. जुरूना आणि त्यांच्यासोबतच्या शास्त्रज्ञांनी स्वतःचं वेळापत्रक तयार करून दिलंय, त्याला पिरासेमाचं वेळापत्रक म्हणतात. मागणी एवढीच की पाण्याची वाढ डिसेंबर-जानेवारीपासूनच सुरू व्हावी, म्हणजे मासे अंडी घालायला येतील तेव्हा जंगलात पाणी असेल, आणि पिल्लं नदीत उतरेपर्यंत ते टिकेल. त्यानं काही टर्बाइनं काही आठवडे कमी फिरतील. कंपनी म्हणते परवडत नाही. इबामा काय ठरवतं त्यावर त्या शंभर किलोमीटर नदीत मासे राहतील की नाही ते अवलंबून आहे.